गोठ्याची कौलं बदला, चिरा वाढवू नका

डिचोली तालुक्यातल्या एका वाचकाने विचारलं आहे: घरामागे आजोबांच्या काळातला चिऱ्यांचा, म्हणजे जांभ्या दगडांचा, गोठा आहे. आता तिथे गुरं नाहीत, लाकडं आणि नारळ असतात. वासे वाळवीने खाल्ले, गेल्या पावसात अर्धी कौलं खाली आली. म्हणून छप्पर उतरवून लोखंडी पाइप आणि पत्रे घालायला घेतले, तर मुंबईच्या चुलतभावाने तक्रार केली आणि पंचायतीची काम थांबवण्याची नोटीस आली. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला जमिनीच्या हक्कांचा उतारा) अजून आजोबांचंच नाव आहे. ‘माझ्याच परसातल्या गोठ्याला परवानगी कशाला? वाटेकरी आम्ही दोघेच, आत्या तर लग्न होऊन गेल्या.’

पावसाळा तोंडावर असताना उघडा पडलेला गोठा बघून जीव कासावीस होतो, हे मला कळतं. तरी आज काम थांबवा. ताडपत्री घाला, ती दोरीने बांधा, पण पाइपला हात लावू नका. नोटीस हातात असताना चालू ठेवलेलं काम पुढे प्रत्येक ठिकाणी तुमच्या विरोधात वाचलं जातं.

गोवा पंचायत राज कायदा, 1994 च्या कलम 66 प्रमाणे नवं बांधकामच नव्हे, असलेल्या इमारतीत फेरफार, भर किंवा पुनर्बांधणी करायलाही पंचायतीची लेखी परवानगी लागते. फुटकी कौलं काढून तशीच कौलं बसवली असती तर ती डागडुजी आहे असं मी ठामपणे मांडलं असतं. तुम्ही लाकडाचं लोखंड आणि कौलांचे पत्रे केलेत. उंची बदलली नसेल तर बाजू अजून सावरता येते. सत्तरीतल्या एका अशिलाने ‘पाणी नीट निथळावं’ म्हणून भिंतीवर दोनच चिरे चढवले होते, आणि त्या दोन चिऱ्यांनीच त्याची दुरुस्ती ‘वाढीव बांधकाम’ ठरली. म्हणून चारी बाजूंनी फोटो काढा, भिंतीला टेप लावून आढ्याची आणि वळचणीची उंची फोटोत दिसू द्या. उतरवलेले वासे जाळू नका, जुनं माप तेच सांगतील. सर्व्हे प्लॅनवर गोठा दिसतो का, तेही पाहा. दिसत असेल तर तो जुना आहे याचा याहून चांगला पुरावा नाही. घरपट्टीच्या जुन्या पावत्या जोडा, पण पावतीने मालकी सिद्ध होत नाही हे लक्षात ठेवा.

नोटिशीला मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या, सोबत दुरुस्तीच्या परवानगीचा अर्ज द्या आणि दोन्हींवर आवक क्रमांक घ्या. 30 दिवसांत निर्णय कळवला नाही तर अपील करता येतं. चुलतभाऊ कोर्टात जाण्याची शक्यता असेल तर दिवाणी न्यायालयात कॅव्हेट, म्हणजे ‘आधी मला ऐका’ असा अर्ज, दाखल करा. ते 90 दिवस टिकतं, आणि तुम्हाला न ऐकता मनाई हुकूम मिळणं अवघड होतं.

आता ‘माझ्याच’ या शब्दाकडे येतो, कारण खरी अडचण तिथेच आहे. आपल्या गोव्यात मुलगी लग्न होऊन गेली म्हणून तिचा वाटा जात नाही. शिवाय वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते, त्यामुळे आत्यांचे यजमानही कागदावर येतात. अजून जारी असलेल्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे वाटणी होईपर्यंत कोणत्याही सहमालकाला ‘हा कोपरा माझा’ म्हणून तो विकता येत नाही. तुम्हाला नाही, तसंच चुलतभावालाही नाही. मात्र सामाईक वस्तू पडू नये म्हणून केलेल्या खर्चात इतरांनीही वाटा उचलावा, असं तीच संहिता सांगते. तेव्हा छप्पर राखणं हे तुमचं पाप नाही. इन्व्हेंटरीचा दावा (वारस आणि मालमत्ता यांची कोर्टात यादी करून वाटणी करण्याची रीत) लावून वाटणी करून घ्या. 2012 चा उत्तराधिकार कायदा 2016 पासून अमलात आहे, त्यात ही सगळी रीत दिली आहे. वेळ लागेल, पण आत्या हयात असताना करा. त्या गेल्या की त्यांच्या प्रत्येक मुलाला आणि सुनेला शोधत फिरावं लागेल.

या आठवड्यात मात्र एकच पत्र लिहा. चुलतभावाला आणि प्रत्येक आत्याला स्पीड पोस्टाने कळवा: ‘गोठ्याचं छप्पर पूर्वीच्याच मापाचं घालतो आहे, त्यावर एकट्याचा हक्क सांगत नाही.’ पोस्टाच्या पावत्या पंचायतीच्या उत्तराला जोडा.