कण फवारून गारवा येईल, पण मोरबे धरण भरेल का?

नवी मुंबईतल्या घणसोलीच्या उकाड्याला कंटाळून तुम्ही विचारलंय की विमानांनी उंचावर गंधकाचे कण फवारले तर पृथ्वी थंड होते म्हणतात, मग हे करत का नाहीत?

थंड होते, यात वाद नाही. जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीने दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला. त्याचे सल्फेट कण झाले, त्यांनी थोडं ऊन परतवलं आणि पुढच्या वर्षी जगाचं सरासरी तापमान साधारण अर्ध्या अंशाने उतरलं. पण त्याच काळात जमिनीवरचा पाऊसही घटला आणि नद्यांचं पाणीसुद्धा. इथे जरा थांबून विचार करा.

समुद्राची वाफ होते ती उन्हाने. आपला मोसमी वारा येतो तोही उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते म्हणून. ऊन अडवलं की या दोन्हींचा जोर कमी होतो. त्यामुळे कार्बन डायऑक्साइडने वाढलेलं तापमान ऊन कापून जुन्या पातळीवर आणलं, तरी पाऊस जुन्या पातळीवर येत नाही, त्याखाली जातो. नवी मुंबईची तहान मोरबे धरणावर, आणि मोरबे भरतं ते जून ते सप्टेंबरच्या पावसावर. मला काळजी आहे ती या चार महिन्यांची.

कण कुठे सोडता यावरही बरंच ठरतं. फक्त उत्तर गोलार्धात सोडले तर पावसाचा पट्टा दक्षिणेला सरकतो आणि आफ्रिकेतला साहेल, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा पट्टा, कोरडा पडतो, असं हवामानाच्या मॉडेलांत दिसलंय. म्हणजे एका देशाने स्वतःच्या सोयीने फवारणी करायची आणि दुष्काळ दुसऱ्याच्या शेतात. हे मला अजिबात मान्य नाही.

कुणी म्हणतं की तळोजा-तुर्भ्याच्या कारखान्यांचा धूर आहेच, तोच पुरे. तो धूर खालच्या हवेत असतो, काही दिवसांत खाली बसतो किंवा पावसाने धुऊन जातो. गंधकाचे कण १८-२० किलोमीटर उंचीवर सोडायचे, जिथे पाऊसच नाही, म्हणून ते वर्ष-दोन वर्षं टिकतात. तेवढंच. पुन्हा पुन्हा सोडत राहावं लागतं, आणि युद्ध म्हणा, पैसा म्हणा, कशानेही मध्येच बंद पडलं तर दाबून ठेवलेली उष्णता काही वर्षांत उसळून वर येते. कार्बन डायऑक्साइड हवेत तसाच राहतो, तो विरघळून समुद्राचं आम्लीकरण, म्हणजे पाणी आम्लधर्मी होत जाणं, तेही चालूच. ओझोनच्या थरालाही धोका आहे.

संशोधन जरूर व्हावं, आणि त्यात मान्सूनवर जगणाऱ्या देशांचे शास्त्रज्ञ पुढे असावेत. प्रत्यक्ष फवारणीला मात्र आज माझा विरोध आहे.

तुमच्या उकाड्याचं म्हणाल, तर वरच्या मजल्यावर राहत असाल तर सोसायटीच्या गच्चीला पांढरा कूल-रूफ रंग लावून घ्या. ऊन तोही परतवतो आणि खालच्या खोल्यांत फरक जाणवतो. पावसाळ्यात शेवाळाने गच्ची काळी पडते, म्हणून फेब्रुवारीत घासून स्वच्छ करा आणि मगच रंगाचा हात मारा.