डायलिसिस वेळेवर होतंय, तरी हिमोग्लोबिन का वाढत नाही?

तुम्ही विचारलंय की वडिलांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा होतं, घरी तांबडी भाजी, बीट, खजूर सगळं चालू आहे, तरी हिमोग्लोबिन ८च्या वर सरकत नाही आणि डॉक्टर ‘किडनीमुळे’ म्हणून मोकळे होतात. रक्त हाडांत तयार होतं, मग यात किडनी कुठून आली?

मी फोंड्याला डायलिसिस टेक्निशियन आहे. बाहेर बाकावर बसलेल्यांपैकी कुणी ना कुणी हे विचारतंच.

तांबड्या पेशी हाडांतल्या मज्जेत तयार होतात हे खरं, पण त्या किती करायच्या हा हुकूम किडनीचा. ती एरिथ्रोपोएटिन नावाचं हार्मोन सोडते. आम्ही नुसतं ईपीओ म्हणतो. मोठ्या माणसात त्यातलं साधारण ९० टक्के किडनीतच बनतं, उरलेलं यकृतात. किडनीला रक्तात पेशी किती आहेत ते कळत नाही, आपल्यापर्यंत प्राणवायू किती पोचतो तेवढं कळतं. तिथल्या काही पेशींत एचआयएफ नावाचं प्रथिन सारखं तयार होतं आणि प्राणवायू भरपूर असला की लगेच मोडीतही निघतं. प्राणवायू कमी पडला की ते टिकून राहतं आणि ईपीओचं जनुक चालू करतं. ही यंत्रणा शोधणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ साली नोबेल मिळालं. लडाखला काही आठवडे राहून आलेल्या माणसाचं हिमोग्लोबिन वाढलेलं दिसतं ते यामुळेच.

मज्जेत पोचल्यावर ईपीओ अर्धवट तयार झालेल्या पेशींना मरू देत नाही. निरोगी शरीरात सेकंदाला वीसेक लाख तांबड्या पेशी तयार होतात आणि सुमारे १२० दिवस जगतात. ईपीओ आटलं की यातल्या बऱ्याच कच्च्या असतानाच संपतात. आमचं मशीन युरिया काढतं, पोटॅशियम काढतं, अंगात साचलेलं पाणी काढतं. हार्मोन बनवणं त्याच्या हातात नाही.

म्हणून ईपीओचं इंजेक्शन. ते १९८९ पासून वापरात आहे. त्याआधी अशा पेशंटना परत परत रक्त चढवावं लागायचं. ते इंजेक्शन २ ते ८ अंशांतच ठेवायचं. वाळपईहून बसने येणारे एक काका ते बर्फाला अगदी चिकटवून आणायचे. गोठलेलं इंजेक्शन फेकूनच द्यावं लागतं, म्हणून आता ते मध्ये फडका गुंडाळतात. बाटली जोरात हलवायचीही नाही.

परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, तेव्हा तिसऱ्या दिवशी रिपोर्ट काढून घाबरू नका. आणि १४-१५चा हट्ट नको. डॉक्टर साधारण १० ते ११.५वर थांबतात, कारण १३च्या पुढे नेलं तर पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. बीपीही चढू शकतं.

इंजेक्शन घेऊनही ८च असेल, तर मला पहिली शंका लोहाची येईल. ईपीओने पेशी वाचवल्या तरी त्यांत भरायला लोह हवं. किडनीच्या आजारात शरीरात हेप्सिडिन नावाचं हार्मोन वाढतं आणि ते आतड्यातून लोह आत येऊच देत नाही. भाजीतलं लोह असं वाया जातं, म्हणून ते बऱ्याचदा शिरेतून द्यावं लागतं. शरीरात लोह किती आहे ते सांगणाऱ्या फेरिटिन आणि टीसॅट या रक्ततपासण्या कधी केल्या होत्या ते डॉक्टरांना विचारा. कुठे जंतुसंसर्ग किंवा आतून रक्तस्राव आहे का, हेही बघावं लागतं.

राहिला आहार. बीट, खजूर आणि पालेभाजी तिन्हींत पोटॅशियम भरपूर, आणि ते वाढलं तर थेट हृदयावर बेततं. बीट-खजूर तूर्त बंद ठेवा. तांबडी भाजी हवीच असेल तर चिरून भरपूर पाण्यात उकळा, ते पाणी ओतून द्या, आणि किती वाढायची ते आहारतज्ज्ञांना वडिलांचा पोटॅशियमचा रिपोर्ट दाखवून ठरवा.