बदक पडेना, दोष बंदुकीचा का टीव्हीचा?

प्रश्न : नमस्कार दादा, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर लहानपणीचा व्हिडिओ गेम सापडला, तोच आपला कॅसेटवाला, सोबत बंदूक पण आहे. एलईडी टीव्हीला पिवळी पिन लावली, कॅसेटमध्ये दोनदा फुंकर मारली आणि मारिओ लगेच चालू झाला, पोरगी जाम खुश. पण बदकांच्या गेममध्ये बंदूक चालतच नाही, अगदी काचेला नळी टेकवून मारलं तरी एक बदक पडेना. रिपेअर होईल का? आणि पोरगी डिप्लोमाला आहे कॉम्प्युटरला, ती विचारते हा मारिओ किती एमबीचा असेल? - एक वाचक, सांगली

उत्तर : दादा, बंदूक रिपेअरला देऊ नका, बहुतेक ती ठणठणीत आहे, नडतोय तो टीव्ही.

आपल्याला लहानपणी वाटायचं की बंदुकीतून काहीतरी किरण सुटतो आणि बदकाला लागतो. खरं एकदम उलटं आहे, बंदुकीतून काहीच सुटत नाही, ती फक्त बघते. नळीत एक भिंग आणि त्याच्यामागे उजेड ओळखणारा सेन्सर, बस. तुम्ही घोडा दाबला की गेम एका फ्रेमपुरता, म्हणजे पडद्यावरच्या एका क्षणिक चित्रापुरता, सगळा स्क्रीन काळा करतो आणि पुढच्या फ्रेमला बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. आधी अंधार आणि मग उजेड दिसला तर नेम लागला. दोन बदकं असली तर चौकोन एकापाठोपाठ एक वेगवेगळ्या फ्रेमला येतात, म्हणजे कुठलं पडलं तेही कळतं. आणि आधीचा अंधार तपासला जातो म्हणूनच बल्बकडे बंदूक धरून सगळी बदकं पाडायची आयडिया चालत नाही. 1984 सालच्या गेममध्ये एवढा विचार केलाय, मला तर आजही हे फार भारी वाटतं.

आता हे सगळं जुन्या डब्बा टीव्हीच्या भरवशावर आहे. त्यात चित्र एका झटक्यात येत नाही, मागून इलेक्ट्रॉनचा झोत एकेक ओळ काढत जातो, सेकंदाला साडेपंधरा हजारांच्या आसपास ओळी, आणि बंदुकीचं सर्किट त्याच वेगाने लुकलुकणारा उजेड ओळखायला बनवलेलं असतं. एलईडी टीव्हीत मागून सलग उजेड असतो, तो तसा लुकलुकतच नाही, शिवाय टीव्ही चित्रावर आधी प्रोसेसिंग करतो त्यात फ्रेम उशिरा येते, तोपर्यंत गेमने निकाल लावलेला असतो की नेम चुकला. कुणी सांगितलं सेटिंग बदला तर त्यात वेळ घालवू नका. ओळखीत किंवा भंगारवाल्याकडे चालू डब्बा टीव्ही मिळाला तर घ्या, पण मागचं झाकण अजिबात उघडू नका, प्लग काढल्यावरही आत जीवघेणं व्होल्टेज राहू शकतं.

पोरीला सांगा एमबी विसर, 1985 चा मूळ मारिओ 40 केबीचा आहे, 32 केबी कोड आणि डेटा, 8 केबी चित्रं, आणि मशीनची रॅम 2 केबी. व्हॉट्सअॅपवर आलेला एक फोटो याच्यापेक्षा मोठा असतो! मग जागा वाचवायची कशी, तर तिला ढग आणि खालची झुडपं नीट बघायला सांगा, आकार तोच आहे, फक्त रंग बदललाय. आणि एका आडव्या ओळीत 8 च हलती चित्रं म्हणजे स्प्राइट दाखवता येतात म्हणून गर्दी झाली की काही गेममध्ये माणसं लुकलुकायला लागतात, तो कॅसेटचा बिघाड नाही. तिला खरंच आवड असेल तर 6502 नावाच्या जुन्या प्रोसेसरची असेंब्ली भाषा शिकू दे, याच घराण्यातला प्रोसेसर आपल्या गेमच्या मशीनमध्ये आहे, आणि छोटा आहे त्यामुळे डोक्यात मावतो.

फुंकर मात्र आजपासून बंद. गेम चालू होतो तो कॅसेट काढून परत बसवल्यामुळे, तोंडातल्या वाफेने उलट कॅसेटच्या धातूच्या पट्ट्या गंजू शकतात. इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, पूर्ण वाळू द्या, मग लावा.

आणि डब्बा टीव्ही मिळालाच तर एका बदकाचा मोड लावा आणि दुसरा रिमोट पोरीच्या हातात द्या. मूळ गेममध्ये त्या रिमोटने बदक हवं तिकडे उडवत नेता येतं, आपल्यातल्या कितीतरी जणांना हे तेव्हा माहीतच नव्हतं.