सह्यांनी जामीन मिळतो का?

प्रश्न : आमचे डॉक्टर कच्चे कैदी आहेत, डायलिसिसवर आहेत. सुटकेसाठी सह्या जमवल्यात. न्यायाधीशांना द्याव्यात का? – एक वाचक, सांगली

उत्तर : मुळीच नको. दबाव आणल्यासारखं दिसतं, वकिलाचीही पंचाईत होते. सह्या पुण्याला कारागृह महानिरीक्षकांकडे पाठवा, पोच जपा. जामिनाचा अर्ज वेगळा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्ये आजारी, अशक्त आरोपीचा विचार आहे. अर्जात ‘गरिबांचे देवदूत’ वगैरे नको, मूळ आजार झाकला जातो. क्रिएटिनिनचे (मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचे) आकडे तारखेनिशी एकाखाली एक मांडा. ‘तुरुंगात उपचार मिळतात’ हे सरकारी उत्तर ठरलेलंच. म्हणून डायलिसिस आठवड्याला तीनदा सांगितलं असेल, तर प्रत्यक्षात किती वेळा झालं, याची तुरुंगातली वैद्यकीय नोंद कोर्टामार्फत मागवा.