भाकरी धरली, तरी जेवणानंतरची साखर २३० का?

प्रश्न : वय ५२, वजन ७८ किलो. चार वर्षांपासून मधुमेह आहे; मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. पोळी सोडून ज्वारीची भाकरी धरली, रोज पहाटे पाऊण तास चालतो. उपाशीपोटी साखर ११८ वर आली, पण दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी २३० भरते. कुठे चुकतंय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : धान्य बदललंत, पण पिठाचं माप? भाकरीचं पीठ एकदा काट्यावर तोला. मोठ्या भाकरीला ७० ग्रॅम पीठ सहज लागतं. त्यात साधारण ४८ ग्रॅम कर्बोदकं. दोन फुलक्यांना पीठ ५० ग्रॅमच्या आसपास, कर्बोदकं सुमारे ३४ ग्रॅम. दोन फुलक्यांच्या जागी दोन भाकऱ्या आल्या, तर कर्बोदकं जवळजवळ तिप्पट झाली. वर भात असेल तर तो वेगळा.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आहाराबद्दलचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. आपली सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतूनच येते. पांढऱ्या तांदळाऐवजी गव्हाचं किंवा भरडधान्यांचं पीठ धरलं, एवढ्याने मधुमेहाचा धोका घटलेला त्यात दिसला नाही. थोडी कर्बोदकं काढून तिथे डाळी किंवा दुधातली प्रथिनं आणली, तर दिसला. हा प्रयोग नव्हे, पाहणीवरून मांडलेलं गणित आहे. तरी तुमच्या ताटाला ते नेमकं लागू पडतं.

म्हणून दुपारी एकच भाकरी, भात नको, आणि मटकीची किंवा मुगाची घट्ट उसळ दोन वाट्या. उसळीत कर्बोदकं असतात, पण ती सावकाश पचतात आणि सोबत प्रथिनं मिळतात. पातळ वरणाला उसळीत धरू नका. आधी कोशिंबीर आणि निम्मी उसळ संपवा, मग भाकरीला हात लावा. या क्रमावरचा अमेरिकेतला २०१५चा अभ्यास अवघ्या ११ रुग्णांचा होता, पण करून पाहायला खर्च काहीच नाही.

आता चालणं. पहाटेच्या फेरीचा फायदा आहेच, पण दुपारची साखर चढते त्या वेळी तुम्ही खुर्चीत असता. न्यूझीलंडमध्ये ४१ रुग्णांवर झालेल्या, २०१६ मध्ये छापून आलेल्या चाचणीत दिवसातून एकदा ३० मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर १० मिनिटं चालल्याने जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनच्या मदतीशिवायही साखर ओढून घेतो, हे त्यामागचं कारण. पहाटेची १५ मिनिटं कापून दुपारी द्या. आठवड्यातून दोन-तीन दिवस खुर्चीवरून उठणं-बसणं आणि भिंतीला हात टेकून जोर, १० ते १२ वेळा, दोन फेऱ्या. श्वास रोखू नका. डोळ्यांच्या पडद्याचा आजार असेल, तर आधी नेत्रतज्ज्ञांना विचारा.

एक गोष्ट मात्र अजिबात टाळू नका. ग्लिमेपिराइड जेवण कमी झालं तरी इन्शुलिन बाहेर काढतच राहतं. ताट बदलण्याआधी डॉक्टरांशी मात्रेबद्दल बोला. घाम, थरथर, धडधड जाणवली की साखर तपासा. ७० च्या खाली असेल, तर तीन लहान चमचे साखर पाण्यात घालून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. पेढा किंवा चॉकलेट नको. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते.

प्रश्न : मधुमेह पूर्ण जातो का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : गोळ्यांशिवाय साखर मर्यादेत राहू शकते. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत रोज सुमारे ८५० कॅलरींचा द्रव आहार तीन ते पाच महिने दिला. वर्षाअखेर ४६ टक्के जणांना हे साधलं, दोन वर्षांनी ३६ टक्के उरले. निदान सहा वर्षांच्या आतलं होतं, इन्शुलिन कुणी घेत नव्हतं, बरेचसे लठ्ठ होते आणि सगळे देखरेखीखाली होते. ५५ किलो वजनाच्या माणसाने हा आहार घरी करू नये. गोळ्या सुटल्या तरी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) आणि डोळ्यांची तपासणी दरवर्षी करावीच लागते.