वाईमध्ये एवढ्या सिनेमांचं शूटिंग का होतं? आणि गावातल्या लोकांना त्याचा काही फायदा होतो का?

का होतं ते पटकन सांगते. मुंबईहून पाच-सहा तासांत माणसं पोचतात, पसरणीचा घाट चढला की पाचगणीत नटनट्यांच्या राहण्याची सोय, आणि खाली कृष्णेचे दगडी घाट, कौलारू वाडे, ऊस, धोम धरणाचं पाणी. सगळं सात-आठ मैलांच्या आत. घाट आणि देवळं बघून उत्तर हिंदुस्थान सहज उभा राहतो. म्हणून 'गंगाजल'मध्ये (२००३) इथे बिहारचं तेजपूर झालं, 'स्वदेस'मध्ये (२००४) शेजारच्या मेणवली गावाचं चरणपूर झालं, 'दबंग'मध्ये (२०१०) लालगंज. १७६२ साली सरदार रास्त्यांनी बांधलेला आमचा ढोल्या गणपती, पुराचं पाणी दुभंगावं म्हणून देवळाची मागची बाजू माशासारखी निमुळती केलेली, तोही पडद्यावर दुसऱ्याच गावाचा देव होतो. मला हे लागतं. ज्या गावात मराठी विश्वकोश तयार झाला त्या गावाला निदान स्वतःच्या नावानं तरी दाखवा.

आता फायद्याचं. साधारण पंधरा वर्षांपूर्वी एका हिंदी सिनेमावाल्यांनी आमचा वाडा चार दिवसांसाठी मागितला. यजमान तेव्हा हयात होते. पुण्याच्या मोठ्या भाऊजींना फोन केला, तर ते म्हणाले, "आजोबांच्या वाड्यात तमाशा नको." त्या वर्षी पावसात माजघरात सहा ठिकाणी पातेली मांडली होती, ती भाऊजींनी पाहिली नव्हती. आम्ही हो म्हटलं.

कागद काही केला नाही, सगळं तोंडी. त्यांनी ओसरीच्या भिंतीला जुनी दिसावी म्हणून मातकट रंग फासला, अहो, ती भिंत मुळातच दीडशे वर्षांची! सागवानी दाराला खिळे ठोकून हिंदी पाटी लावली. कॅमेऱ्याच्या गाडीखाली चौकातल्या दोन शहाबादी फरश्या गेल्या. सासूबाई चारही दिवस हलल्या नाहीत. दिवेलागणीला त्या निरांजन घेऊन तुळशीकडे निघाल्या की मोठे दिवे बंद करावे लागायचे, आणि ते करायचे, हे मी खोटं सांगणार नाही. सीन थांबायचा, पन्नास माणसं गप्प उभी राहायची. शेवटच्या दिवशी त्यांतला एक लाईटवाला पोरगा सासूबाईंच्या पाया पडून गेला.

भाडं वेळेवर मिळालं. फरश्यांचे पैसे मात्र तीन महिने फोन करून करून निम्मे आले, आणि दाराची भोकं आम्हीच लाखेनं बुजवली. पण त्या भाड्यातून मागच्या सोप्याचे वासे बदलून अख्खी कौलं नवी घातली. भाऊजी आजही लग्नकार्यात चार लोकांत म्हणतात, की धाकट्यांनी वाडा सिनेमाला विकला. विकला असता तर आज तिथे तीन मजली इमारत दिसली असती. आमच्या आळीतले किती वाडे तसे गेले ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्यांतल्या एकातही कधी शूटिंग झालं नव्हतं.

म्हणून कुणी वाडा मागितला तर जरूर द्या, पण स्टँपपेपरवर. अनामत आधी घ्या, प्रत्येक खोलीचे फोटो काढा, खिळा आणि रंग यांची परवानगी वेगळी लिहून घ्या. देवघर कुलपात. आणि हिस्सेदार दूरच्या गावी असेल तर त्याची सही आधी घ्या, नाहीतर पुढची पंधरा वर्षं ऐकून घ्यावं लागतं.

हे मी घरमालकाच्या बाजूनं लिहिलंय. गर्दीत उभं राहणारे, जेवणाचं कंत्राट घेणारे, गाड्या देणारे यांचा अनुभव वेगळा असेल, त्यांनाही विचारा. रोज शूटिंग असतं असंही समजू नका, कित्येक महिने काहीच नसतं.

शूटिंग बघायलाच येणार असाल तर मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा घाट आधी बघा, सकाळी लवकर. चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेतली पोर्तुगीज घंटा तिथेच आहे. आणि भाऊजी हे वाचत असतील तर त्यांनीही एकदा जुलैत यावं. माजघरात पातेलं मांडावं लागत नाही.