तबल्यावर द्रुत (जलद) लयीत ‘तिरकिट’ हा बोल का अडकतो?

मिनिटाला 60 मात्रांच्या लयीत रेला (सलग, वेगाने वाजवायची बोलांची रचना) स्वच्छ वाजतो, पण 100 च्या पुढे ‘तिरकिट’ फाटतं, असं तुम्ही विचारलंय. बहुतेकदा दोष ‘र’चा असतो. तो वाजवणारी तर्जनी नको इतकी उंच उचलली जाते आणि ‘कि’साठी डावा हात पोचेपर्यंत वजन बिघडतं. सावकाश वाजवतानाही बोटांची उचल द्रुतमध्ये असते तेवढीच, अगदी कमी ठेवा. ही सवय लागायला मला फार दिवस लागले, पण खरा फरक तिनेच पडला.

आधी पढंत करा, म्हणजे बोल तालात तोंडाने म्हणा. मग पूर्ण रेला सोडून फक्त ‘तिरकिट धा’ घ्या. पुढच्या ‘धा’वर हात नेमका पडायला हवा. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) चार-चारने वाढवा. मनगट आखडलं की लगेच लय उतरवा, दुखत असताना रेटू नका.